कुवेतची कोंडी

तलवार म्यानात ठेवूनही शेजारच्या राज्याचा श्वास कोंडता येतो, याची उदाहरणे इतिहासात जागोजागी आढळतात. परंतु १९२३ साली नज्दचा सुलतान अब्दुल अझीझ इब्न सौद याने आपल्या रयतेला कुवेतच्या बाजारपेठेत पाऊल टाकण्याची मनाई केली आणि त्या एका हुकुमापायी आखाताच्या शिरोभागी वसलेले ते चिमुकले बंदर वर्षानुवर्षे झिजत राहिले, हा प्रसंग विशेष मननीय आहे. कारण कुवेतच्या पाठीशी त्या काळी जगातील सर्वांत विस्तीर्ण साम्राज्य उभे होते. त्या साम्राज्याच्या युद्धनौका कुवेतच्या खाडीत नांगर टाकीत, त्याचा वकील त्याच बंदरात कायमचा मुक्काम करून असे, आणि त्याच्या संमतीवाचून आपल्या भूमीचा वीतभर तुकडाही कोणा परक्याला देण्याची मुभा शेखला नव्हती. असे असता ही कोंडी फुटण्यास इतका काळ का लागावा, याचा शोध घेऊ गेल्यास साम्राज्याने दिलेल्या संरक्षणाचा खरा अर्थ काय आणि त्याची मर्यादा कोठे पडते, हे स्पष्ट होते.

कुवेतच्या भूमीला नदी नाही, म्हणण्यासारखी शेती नाही. पिण्याचे पाणीसुद्धा त्या काळी शत्त-अल्-अरबच्या मुखातून गलबतांत भरून आणावे लागे. अशा जागी वस्ती टिकली ती समुद्र आणि वाळवंट या दोन आधारांवर. उन्हाळ्यात शेकडो गलबते मोत्यांच्या शोधात आखातात उतरत. पावसाळी वाऱ्यांचा जोर ओसरला म्हणजे कुवेतची बगला व बूम जातीची गलबते बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई, मलबार आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा गाठीत, आणि परतताना तांदूळ, चहा, साखर, कापड, वेलदोडे व गलबते बांधण्यासाठी मलबारी साग घेऊन येत. कुवेतच्या बड्या सावकारांच्या पेढ्या मुंबईत होत्या, कुवेतच्या मोत्यांना मोल मुंबईच्या बाजारात मिळे, आणि कुवेतच्या पेठेत व्यवहार होई तो हिंदुस्थानच्या रुपयात.

परंतु समुद्रमार्गे आलेला हा माल एकट्या कुवेतने खपवावा इतकी त्या गावाची भूक नव्हती. त्याचे खरे गिऱ्हाईक वाळवंटात राहत होते. मुतैर, अजमान, अवाझिम, हर्ब, शम्मर अशा भटक्या टोळ्या ठरावीक ऋतूंत आपल्या उंटांचे तांडे घेऊन कुवेतच्या वेशीवर उतरत. सफात नावाच्या मोकळ्या मैदानात तूप, लोकर, मेंढ्या, उंट, सुकवलेले दही आणि जळण विकीत, आणि त्या पैशात वर्षाचा शिधा, कॉफी आणि कापड खरेदी करून वाळवंटात परतत. उधारी चालत असे. एका पिढीचे खाते पुढची पिढी फेडीत असे. या व्यवहाराला अरब लोक मुसाबला म्हणत. या भटक्या बेदुइनाला कुवेतखेरीज जवळचे चांगले बंदर नव्हते आणि कुवेतच्या दुकानदाराला बेदुइनाखेरीज मोठे गिऱ्हाईक नव्हते. पुढे जी कोंडी झाली ती नेमकी या संबंधावर घाला घालणारी होती.

कुवेतचा ब्रिटिशांशी संबंध जडला तो शेख मुबारकच्या अमदानीत. उस्मानी तुर्कांच्या वर्चस्वाचा धाक डोक्यावर असताना या धोरणी शेखने २३ जानेवारी १८९९ रोजी बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटशी एक गुप्त करार केला आणि ब्रिटिश सरकारच्या संमतीशिवाय कोणत्याही परराज्याचा वकील न स्वीकारण्याची व आपल्या मुलखाचा कोणताही भाग न विकण्याची, गहाण न टाकण्याची वा पट्ट्याने न देण्याची हमी दिली. मोबदल्यात त्याच्या पदरी पडले ते ब्रिटिश सरकारच्या सदिच्छेचे आश्वासन आणि बुशहरच्या खजिन्यातून १५,००० रुपये. बुशहरची ही रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारच्या. त्यामुळे आखाताचे राजकारण दीर्घकाळ मुंबई, कलकत्ता आणि सिमल्याच्या दप्तरांतून चालले, आणि तेथे नेमले जाणारे अधिकारीही बहुधा हिंदुस्थानच्या राजकीय खात्यात मुरलेले असत. पुढे महायुद्धाला तोंड लागल्यावर, नोव्हेंबर १९१४ मध्ये, ब्रिटिश सरकारने कुवेतला आपल्या संरक्षणाखालील स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली. शब्द मोठे भारदस्त होते; त्यांचे वजन किती, हे पुढील काळाने ठरविले.

ज्या पुरुषाने कुवेतची कोंडी केली, त्याच्या तारुण्याचा प्रारंभ कुवेतमध्येच झाला होता, ही या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी गोष्ट होय. सौद घराणे रियाधमधून परागंदा झाले तेव्हा त्याला आश्रय मिळाला तो कुवेतमध्ये. मुबारकच्या दरबारात बसून तरुण अब्दुल अझीझने राजकारणाचे पहिले धडे घेतले, आणि जानेवारी १९०२ मध्ये मूठभर साथीदारांसह रियाध काबीज करण्यास तो निघाला तोही कुवेतमधूनच. पण राज्य वाढले तसे नाते बदलले. १९१३ मध्ये त्याने तुर्कांकडून हसा प्रांत जिंकला आणि उकैर, कतीफ व जुबैल ही किनाऱ्यावरची ठाणी त्याच्या अंमलाखाली आली. आजवर केवळ वाळवंटाचा असलेला हा राजा आता समुद्राचाही धनी झाला, आणि स्वतःची बंदरे असताना आपली रयत दुसऱ्याच्या बंदरात जकात का भरते, हा प्रश्न त्याच्या मनात आज ना उद्या उभा राहणे क्रमप्राप्त होते.

मुबारक १९१५ मध्ये निवर्तला. त्याच वर्षी अजमान टोळीशी झालेल्या झुंजीत इब्न सौदचा भाऊ सअद मारला गेला आणि त्या टोळीला कुवेतने आसरा दिला, ही सल नज्दच्या मनात राहिली. १९१७ मध्ये गादीवर आलेल्या शेख सालिमशी इब्न सौदचे कधीच जमले नाही. ब्रिटिशांचाही सालिमवर रोष होता. कारण कुवेतमार्गे तुर्कांच्या मुलखात माल झिरपत असल्याच्या संशयावरून १९१८ मध्ये त्यांनी स्वतःच कुवेतची सागरी नाकेबंदी केली होती. व्यापाराचे दार बंद केले म्हणजे या गावाचे काय होते, याचा अनुभव त्यामुळे साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना अगोदरच होता. पुढे सरहद्दीच्या वादावरून प्रकरण हातघाईवर आले. १९२० च्या उन्हाळ्यात कुवेतच्या नागरिकांनी गावाभोवती मातीचा तट उभारला, आणि १० ऑक्टोबर रोजी फैसल अद्-दुवैशच्या नेतृत्वाखालील इख्वानांनी, म्हणजे इब्न सौदच्या धर्मवेड्या लढवय्यांनी, जहरा गावावर हल्ला चढविला. शेख सालिम तेथील तांबड्या किल्ल्यात वेढला गेला. कुवेतहून कुमक आली, ब्रिटिश युद्धनौका व विमाने पुढे सरसावली, आणि इख्वान मागे हटले. संरक्षणाचा शब्द त्या वेळी खरा ठरला; कारण धोका बंदुकीचा होता, आणि बंदुकीला उत्तर कसे द्यावे हे साम्राज्याला पक्के ठाऊक होते.

१९२१ च्या फेब्रुवारीत सालिमचा पुतण्या अहमद अल्-जाबिर समेटाची बोलणी करण्यासाठी इब्न सौदच्या छावणीत गेला असतानाच सालिमच्या मृत्यूची वार्ता तेथे पोहोचली. आता आपले कुवेतशी भांडण उरले नाही, अशी ग्वाही इब्न सौदने दिली, आणि अहमद शेख होऊन परतला तो मैत्रीची आशा उराशी बाळगूनच. परंतु राज्याराज्यांतील वैर बहुधा माणसांबरोबर मरत नाही. त्याची मुळे व्यवहारात रुतलेली असतात.

ती मुळे किती खोल होती हे पुढच्याच वर्षी उकैरच्या परिषदेत दिसले. नोव्हेंबर १९२२ च्या अखेरीस, हसाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून, इराकचे हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स, इब्न सौद आणि इराकचा प्रतिनिधी हे सरहद्दी ठरविण्यास बसले. कुवेतच्या वतीने तेथे कुवेतचा कोणी नव्हता. होता तो कुवेतमधील ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर मोर. वाटाघाटींचा घोळ दिवसेंदिवस मिटेना, तेव्हा कॉक्सने तांबडी पेन्सिल हाती घेऊन नकाशावर स्वतःच रेघा ओढल्या. इराकच्या बाजूने झुकलेल्या रेघेने इब्न सौद व्यथित झाला, आणि त्याचे समाधान करण्यासाठी कुवेतचा मुलूख कामी आला. १९१३ च्या ब्रिटिश-उस्मानी मसुद्याने जो प्रदेश शेखच्या प्रभावाखाली मानला होता, त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग नज्दकडे गेला, आणि कुवेतच्या दक्षिणेस दोघांच्या समान हक्काचा एक तटस्थ पट्टा आखण्यात आला. त्या भेटीत दुभाष्याचे काम करणाऱ्या मेजर हॅरल्ड डिक्सनने हा सारा प्रसंग पुढे लिहून ठेवला. कॉक्सने नंतर कुवेतला जाऊन शेख अहमदला निर्णय ऐकविला तेव्हा तो सुन्न झाला, आणि ब्रिटिशांवरील त्याच्या विश्वासाला त्या दिवशी गेलेला तडा पुढे पुरता सांधला नाही, असे डिक्सनचे मत होते.

रेघ तर ओढली गेली. परंतु त्या रेघेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे काय, हा प्रश्न अनिर्णीतच राहिला, आणि १९२३ मध्ये इब्न सौदने तो आपल्या परीने सोडविला. कुवेतच्या बाजारातून नज्दमध्ये जाणाऱ्या मालावरची जकात आपल्याला मिळाली पाहिजे, अशी त्याची मागणी होती. त्यासाठी त्याचा स्वतःचा अंमलदार कुवेतमध्ये बसून वसुली करील, किंवा शेखने ती वसूल करून नज्दच्या खजिन्यात भरावी, किंवा वर्षाला एक ठोक रक्कम द्यावी, असे मार्ग त्याने सुचविले. शेखने ते सारे नाकारले. परराज्याचा जकातदार आपल्या वेशीवर बसविणे म्हणजे आपल्या सार्वभौमत्वाचा एक कोपरा त्याला तोडून देणे होय, आणि ठोक रक्कम देणे ही खंडणीचीच दुसरी तऱ्हा होय, ही त्याची धारणा होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. मग मनाईचा हुकूम निघाला: नज्दच्या कोणाही माणसाने कुवेतमध्ये खरेदी करू नये.

इब्न सौदची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. त्याचे राज्य विशाल, पण खजिना रिकामा होता. तेल अद्याप जमिनीच्या पोटात होते, आणि जकात, टोळ्यांकडून येणारी झकात व १९२५ नंतर हाती आलेले हज-यात्रेचे उत्पन्न एवढ्यावर त्याला कारभार हाकायचा होता. कुवेतचे बंदर उत्तम, जकात हलकी आणि व्यापारी पिढीजात. त्यांच्यापुढे जुबैल व कतीफ यांचा टिकाव लागणे कठीण होते. शिवाय हे केवळ महसुलाचे प्रकरण नव्हते. वाळवंटात टोळीची निष्ठा ज्या बाजारात तिचे पोट भरते त्या बाजाराकडे झुकते. आणि टोळ्यांना एका राज्याच्या शिस्तीत बांधू पाहणाऱ्या राजाला ही गोष्ट उपेक्षिता येणे शक्य नव्हते. आपल्या रयतेने कोठे खरेदी करावी हे ठरविण्याचा राजाला अधिकार आहे, हे त्याचे म्हणणे खोडून काढणे ब्रिटिश कायदेपंडितांना जड गेले ते याच कारणाने.

हुकुमाची अंमलबजावणी हसाचा कठोर अमीर अब्दुल्ला इब्न जिलुवी याच्याकडे होती, आणि तो नियम मोडणाऱ्याला दयामाया दाखविणारा गृहस्थ नव्हता. वाटांवर पहारे बसले. कुवेतहून परतणारे तांडे अडवून माल जप्त होऊ लागला. पुढे मोटारी आल्यावर गस्तीची पथके सरहद्दीच्या आसपास फिरू लागली आणि पाठलागाच्या भरात कुवेतच्या हद्दीत शिरल्याच्या तक्रारीही एजंटच्या दप्तरी साचू लागल्या. ज्या टोळ्यांचे कुवेतशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते होते त्यांना चोरवाटा धराव्या लागल्या, आणि प्रतिष्ठित व्यापार चोरट्या व्यापारात रूपांतरित झाला. सफातच्या मैदानातील गर्दी विरळ झाली, दुकानदारांची टोळ्यांकडे अडकलेली उधारी बुडीत निघाली, आणि ज्या कुटुंबांना शक्य होते ती अन्यत्र पोट भरण्याचा विचार करू लागली.

या काळात साम्राज्याची मुत्सद्देगिरी काय करीत होती? ती पत्रे लिहीत होती. कुवेतचा एजंट बुशहरच्या रेसिडेंटला लिही, रेसिडेंट हिंदुस्थान सरकारला आणि लंडनला. लंडनमध्ये तो कागद इंडिया ऑफिस, वसाहत खाते आणि परराष्ट्र खाते यांच्या मेजांवरून फिरे. तेथून सूचना जिद्दाच्या वकिलातीला जाई, आणि वकिलात ती सौदी दरबारापुढे अदबीने मांडी. उत्तर बहुधा सौजन्यपूर्ण असे आणि निष्पत्ती शून्य. एका कागदाचा हा प्रदक्षिणामार्ग पुरा होईपर्यंत वाळवंटातला एक खरेदीचा हंगाम निघून जात असे.

हा केवळ दिरंगाईचा दोष नव्हता. त्यामागे हितसंबंधांचे तोलमापन होते. १९२४-२५ मध्ये मक्का व मदिना ही पवित्र नगरे इब्न सौदच्या ताब्यात आली, आणि खिलाफत चळवळीची धग ज्याने नुकतीच अनुभवली होती त्या हिंदुस्थान सरकारला मुसलमान प्रजेच्या भावना दुखविण्याची छाती नव्हती. २० मे १९२७ रोजी सर गिल्बर्ट क्लेटन याने इब्न सौदशी जिद्दाचा तह केला, आणि त्याचे पूर्ण स्वातंत्र्य मान्य केले. त्या तहाच्या सहाव्या कलमात कुवेत, बहारीन, कतार आणि ओमानचा किनारा येथील राज्यांशी स्नेहाचे व शांततेचे संबंध राखण्याचे अभिवचन इब्न सौदने दिले होते. कोंडी हा स्नेह होय काय, असा प्रश्न बुशहरहून विचारला जाई. व्यापाराला मनाई करणे म्हणजे शांतताभंग नव्हे, असे उत्तर लंडनच्या परराष्ट्र खात्यात तयार असे. तहाचा एकच शब्द दोन कचेऱ्यांत दोन तऱ्हांनी वाचला गेला, आणि ज्या कचेरीला इब्न सौदची गरज अधिक होती तिचे वाचन ग्राह्य ठरले.

शेख अहमदच्या निष्ठेची खरी परीक्षा १९२९ मध्ये झाली. फैसल अद्-दुवैश आणि त्याचे इख्वान आता इब्न सौदवरच उलटले होते. मार्च महिन्यात सबीलाच्या रणांगणावर मार खाऊनही बंड शमले नव्हते, आणि मुतैर व अजमान टोळ्या कुवेतच्या सरहद्दीवर आश्रय, शिधा आणि दारूगोळा मागत उभ्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी जहरावर चालून आलेलाच तो दुवैश होता. पण आता तो कुवेतचा मित्र म्हणून हात पुढे करीत होता. ज्याने आपली बाजारपेठ ओस पाडली त्याच्या शत्रूंना गुप्तपणे मदत करून कोंडीचा सूड उगविण्याची अशी संधी पुन्हा आली नसती. परंतु ब्रिटिशांनी बंडखोरांना थारा न देण्याची सक्त ताकीद दिली, आणि शेखने मनावर दगड ठेवून ती पाळली. जानेवारी १९३० मध्ये दुवैश ब्रिटिशांना शरण आला. रेसिडेंट सर ह्यू बिस्को, १९२९ पासून कुवेतचा एजंट असलेला डिक्सन आणि विमानदलाचा अधिकारी बर्नेट यांनी इब्न सौदच्या छावणीत जाऊन, बंडखोरांच्या जिवाला अभय मिळाल्यावर, त्यांना त्याच्या स्वाधीन केले. दुवैश पुढच्याच वर्षी रियाधच्या कैदेत मरण पावला.

या सहकार्याचे फळ म्हणून कोंडी उठेल, ही शेखची अपेक्षा अगदी स्वाभाविक होती. ज्या दिवशी इब्न सौदचे सिंहासन डळमळत होते त्या दिवशी कुवेतने त्याला धक्का दिला नव्हता, आणि तसे न करण्याचा सल्ला ज्यांनी दिला ते मध्यस्थ म्हणून समोरच बसलेले होते. पण सिंहासन स्थिर झाले आणि मनाईचा हुकूम तसाच राहिला. साम्राज्याला वाळवंटात शांतता हवी होती आणि ती लाभली. कुवेतला बाजार हवा होता, तो मिळाला नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील नैतिक मध्यबिंदू हाच आहे. शेखने दिलेल्या शब्दाची किंमत त्याने स्वतः मोजली होती. त्याच्याकडून तो शब्द घेणाऱ्यांनी त्याच्या वतीने आग्रहाने उभे राहण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आग्रहाऐवजी विनंती केली.

त्यानंतरची वर्षे कुवेतच्या इतिहासातील अत्यंत कष्टाची. जागतिक मंदीने मोत्यांचा बाजार कोसळला, आणि जपानच्या संवर्धित मोत्यांनी त्याला उठू दिले नाही. इराकशीही कुरबुरी वाढल्या. १९१४ च्या आश्वासनानुसार फाव येथील शेखच्या खजुरांच्या बागांना मिळावयाचे संरक्षण डळमळू लागले, आणि कुवेतमधून होणाऱ्या चोरट्या आयातीवरून बगदाद सरकार रुष्ट झाले. समुद्राचा आधार खचला असताना वाळवंटाचे दार बंद असणे म्हणजे काय, हे डिक्सनने आपल्या अहवालांतून कळवळून मांडले. तो अरबी भाषा आणि टोळ्यांचे जीवन आतून जाणणारा होता, आणि मित्राला उपाशी ठेवून शत्रू नसलेल्या शेजाऱ्याची मनधरणी करणे हे त्याला साम्राज्याच्या इभ्रतीला शोभणारे वाटत नव्हते. बुशहरहून आधी बिस्को आणि त्याच्या निधनानंतर १९३२ पासून सर ट्रेंचर्ड फाउल यांनी हीच बाजू लावून धरली. जिद्दाहून सर अँड्र्यू रायन आणि लंडनच्या परराष्ट्र खात्यातून जॉर्ज रेंडेल यांची दृष्टी अधिक व्यापक, म्हणूनच कुवेतच्या बाबतीत अधिक थंड होती. त्यांना इब्न सौदशी असलेल्या संबंधांचा समग्र पट दिसत होता, आणि त्या पटावर कुवेत हे एक लहानसे घर होते. १९३२ मध्ये हिंदुस्थानकडे जाणारा हवाई मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून अरबी किनाऱ्यावर आला. १९३६ मध्ये पॅलेस्टाइन पेटले आणि अरब राजांच्या सद्भावाचे मोल आणखी वाढले. एकेका घटनेबरोबर इब्न सौदला दुखविणे अधिकाधिक महाग होत गेले.

तरीही बोलणी चालूच राहिली, आणि ती जसजशी बारकाव्यात शिरली तसतसे त्यांचे मर्म उघड होत गेले. कुवेतमधून निघणाऱ्या प्रत्येक तांड्याजवळ मालाची यादी असलेले दस्तक असावे, त्याने ठरावीक नाक्यांवरूनच सौदी हद्दीत प्रवेश करावा आणि तेथे सौदी जकात भरावी, ही तजवीज कुवेतला मान्य होती. वाद पडला तो दस्तकावाचून निसटणाऱ्या मालाबाबत. त्याची जबाबदारी शेखने घ्यावी, असा सौदी आग्रह होता. मोकळ्या वाळवंटात रात्री निघालेल्या प्रत्येक उंटाचा जाब मी कसा देऊ, असे शेखचे म्हणणे होते. चोरटा व्यापार थांबविण्याची हमी द्या मग खुला व्यापार सुरू करू, असे एक म्हणे. खुला व्यापार सुरू करा मग चोरट्या व्यापाराला कारणच उरणार नाही, असे दुसरा म्हणे. मसुदे झाले, दुरुस्त्या झाल्या, प्रतिनिधी भेटले आणि परतले. १९३७ च्या प्रारंभी रेंडेल स्वतः आखाताच्या किनाऱ्यापासून रियाधमार्गे जिद्दापर्यंत अरबस्तान ओलांडून गेला; इतक्या वर्षांनी लंडनच्या एका वरिष्ठ मुत्सद्द्याने तो मुलूख आपल्या डोळ्यांनी पाहिला, ज्याच्याविषयीचे कागद त्याच्या खात्यात ढिगाने साचले होते.

दरम्यान जमिनीच्या पोटातून एक निराळेच उत्तर वर येत होते. १९३२ मध्ये बहारीनला तेल लागले, १९३३ च्या मे महिन्यात इब्न सौदने अमेरिकन कंपनीला हसाचा मक्ता दिला, आणि २३ डिसेंबर १९३४ रोजी शेख अहमदने कुवेत ऑइल कंपनीशी करार केला. सहीच्या वेळी ४,७५,००० रुपये आणि पुढे दर टनामागे तीन रुपये स्वामित्वधन, असा त्याचा बोली-हिशेब हिंदुस्थानी नाण्यातच झाला. १९३८ च्या फेब्रुवारीत बुरगानला आणि मार्चमध्ये दम्मामला तेलाचे विपुल साठे सापडले. कोंडीचा जोर त्याच सुमारास ओसरू लागला होता. ज्या राजाला आता तेलाच्या मक्त्यातून सोने मिळणार होते त्याला बेदुइनाच्या साखरेवरील जकातीची पूर्वीइतकी निकड राहिली नाही. परंतु कुवेतच्या मनावरचे ओरखडे इतक्या लवकर भरून आले नाहीत. १९३८ च्या जूनमध्ये व्यापारी वर्गाने पुढाकार घेऊन निवडलेले विधिमंडळ शेखला मान्य करावे लागले, आणि ते डिसेंबरपर्यंतच टिकले असले तरी दीर्घकाळच्या ओढग्रस्तीतून साचलेल्या असंतोषाचा त्यामागे मोठा वाटा होता.

औपचारिक शेवट झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत. २० एप्रिल १९४२ रोजी जिद्दा येथे स्नेह व शेजारधर्म, गुन्हेगारांचे हस्तांतर आणि व्यापार या विषयांवरील तीन करारांवर सह्या झाल्या. एका बाजूला सौदी अरबस्तानचे सरकार होते, आणि दुसऱ्या बाजूला, कुवेतच्या शेखच्या वतीने, ब्रिटिश सरकार. उकैरला कुवेतसाठी जो बोलला तोच वीस वर्षांनी जिद्दातही बोलला, हे या कथेतील सातत्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या प्रकरणाचा निवाडा करताना ब्रिटिश मुत्सद्द्यांना कपटी ठरविणे सोपे असले तरी ते सत्याला धरून होणार नाही. त्यांपैकी कित्येकांनी कुवेतसाठी मनापासून लेखणी झिजविली; आणि विरुद्ध बाजूने लिहिणाऱ्यांनाही आपण व्यापक शांततेचे रक्षण करीत आहोत अशी प्रामाणिक श्रद्धा होती. इब्न सौदही आपल्या राज्याचा पाया घालीत होता, आणि राज्यकर्त्याच्या दृष्टीने त्याचा हेतू असमर्थनीय नव्हता. दोष होता तो संबंधाच्या घडणीत. १८९९ च्या करारान्वये साम्राज्याने कुवेतचा परराष्ट्रव्यवहार आपल्या हाती घेतला, त्यामुळे दुसऱ्या कोणाची मदत घेऊन शेजाऱ्यावर दडपण आणण्याचा मार्ग शेखला बंद झाला. आणि स्वतःच्या वतीने दडपण आणण्याचे बंधन मात्र साम्राज्याने कधी मानले नाही. बंदुकीपासून संरक्षण ही जबाबदारी त्याने स्वीकारली, उपासमारीपासून संरक्षण ही त्याच्या शब्दकोशात नव्हती. ज्याने दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार घेतला त्याच्यावर त्या दुसऱ्याच्या भाकरीचेही उत्तरदायित्व येते, आणि ते पेलण्याची तयारी नसेल तर तो अधिकार त्याने घेऊ नये. लहान राष्ट्रांनी मोठ्यांच्या छत्राखाली जाताना आणि मोठ्यांनी ते छत्र धरताना, करारात संकटांची यादी लिहिली जाते तेव्हा तीत तोफेच्या जोडीने जकातनाक्याचेही नाव असावे, हा कुवेतच्या कोंडीने दिलेला धडा आहे.